पलीकडचा आरडाओरडा

सोमवार, ता. ४

हिशेब लिहून झाला. पान अर्धं कोरं राहिलं, ते वाया का घालवायचं म्हणून हे लिहिते. शिवाय बोलायचं तरी कुणाशी? ह्यांना ऑफिसातलं घरी बोलायला बंदी, आणि घरातलं बाहेर बोलायचं नाही हे मला माहेरूनच शिकवलेलं.

आज नदीवरचा पूल बंद केला. आपल्या लोकांनी पलीकडच्यांची एक बोट अडवून ठेवली आहे. ते म्हणतात ती मासे धरायची, आपण म्हणतो पाळत ठेवायची. पुलाच्या आपल्या टोकाला चौकी आहे आणि त्या चौकीवर माझा मुलगा आहे. एकुलता एक. गेल्या वर्षी हवालदार झाला तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगत फिरले होते. आज दुकानात एकीनं विचारलं, "तुमचा पुलावरच ना?" तर नुसती मान हलवली.

सूनबाई पलीकडची. पूल उघडा असायचा, बाजाराला इकडची माणसं तिकडे जायची, तेव्हाचं ते लग्न. मी विरोध केला नाही, कारण विरोध करायचा म्हणजे बोलावं लागलं असतं.

बातमी ऐकून तिनं पातेलं आपटलं. म्हणाली, "दोन्हीकडचे गाढव आहेत." मग भाजी चिरायला बसली. तोंडावर काळजी म्हणून दिसेना.

जप वाढवला आहे.

बुधवार, ता. ६

ह्यांचं काम पलीकडचा रेडिओ ऐकायचं. कानाला यंत्र लावून बसायचं, ते जे बोलतील ते आपल्या भाषेत उतरवायचं आणि खाली एक ओळ लिहायची, याचा अर्थ काय. वरचे साहेब लोक ती ओळ तेवढी वाचतात म्हणे. आज हे घरी आले ते चप्पल काढून थेट देवापुढे जाऊन उभे राहिले. एरवी तिकडे फिरकत नाहीत. मी काही विचारलं नाही.

ते स्टेशन आपल्या घरच्या रेडिओवरही लागतं. सेल संपतात म्हणून मी लावू देत नाही, पण आज लावला. सूनबाईनं अर्थ सांगितला. बोट सोडा, नाहीतर नदी तुमच्या रक्तानं लाल करू. तुमच्या घरांत दिवा लावायला माणूस उरणार नाही. असं ते, एकेक शब्द चावून, घसा फाटेस्तोवर. मी खिडकी लावून घेतली.

आणि ही हसली. चक्क हसली.

"आई, हा अगदी माझ्या वडिलांसारखा ओरडतो. शेजाऱ्याची कोंबडी अंगणात आली तरी ते त्याचं घर जाळायला निघायचे. संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर बसून चहा प्यायचे."

नवरा पुलावर, आणि हिला हसू येतं.

गुरुवार, ता. ७

सकाळची चहाची पूड मी दुपारी पुन्हा उकळायला ठेवली. त्यावरून सूनबाईनं घर डोक्यावर घेतलं. म्हणाली, "या घरात माणूस मेला तर त्याची राखसुद्धा दोनदा वापरतील. मी जाते निघून, मग प्या तुमचं पाणी." शेजारची खिडकी उघडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

थोड्या वेळानं हीच बाई तेलाची वाटी घेऊन माझ्यामागे येऊन बसली आणि केसांना तेल लावू लागली. जसं काही घडलंच नाही. मी लावू दिलं, पण बोलले नाही. निघून जाईन म्हणाली, ते शब्द मी कसे विसरू? आमच्याकडे एवढं बोलल्यावर माणूस खरंच निघून जातो.

रविवार, ता. १०

मी अजून तिच्याशी बोललेले नाही. भांडत नाही, टाकून बोलत नाही, ताटात कमी वाढत नाही. गप्प आहे एवढंच. माझी आईही अशीच गप्प राहायची आणि समोरच्याला आपोआप कळायचं.

आज झाडताना पाहिलं तर तिनं बॅग भरून कॉटखाली सरकवून ठेवली आहे. म्हणजे माझा संशय खरा. पलीकडे पळून जायचा विचार दिसतो.

चिरंजीवांचा फोन मेजरीणबाईंकडे आला. ह्यांचे साहेब मेजर, ते मागच्याच गल्लीत राहतात, आणि त्यांच्या घरी छावणीचा फोन आहे. मुलगा म्हणाला, "ते तिकडून ओरडतात आणि आम्ही गप्प बसतो. उत्तर द्यायचं नाही असा हुकूम आहे. दिवे बंद, गाणं बंद, मोठ्यानं हसायचंही नाही. नुसत्या वाळूच्या गोण्या रचतो." मी म्हटलं, बरं आहे, गप्प राहणं केव्हाही चांगलं. तो म्हणाला, "आई, तिला दे ना फोन." दिला. ती तिकडे तोंड करून इतकं हळू बोलली की मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मॅट्रिकला इतिहासात मागच्या लढाईचाच प्रश्न आला होता. पलीकडच्यांनी महिनाभर धमक्या दिल्या, आपल्या दरबारानं हसण्यावारी नेल्या, आणि मग अर्धा मुलूख गेला. तेव्हापासून आपण शिकलो: धमकी ऐकून घ्यायची, तोंड मिटायचं आणि तयारी करायची. मी दोन पानं लिहिली होती. अजून पाठ आहे.

मंगळवार, ता. १२

संध्याकाळी ह्यांनी सूनबाईला हाक मारली. "इकडे ये गं जरा. तुमच्या शाळेत ती लढाई कशी शिकवतात?"

तिनं सांगितलं ते असं. आरडाओरडा तर नेहमीचाच चालला होता, बोलणीही व्हायची होती, पण इकडचे, म्हणजे आपण, एकदम गप्प झालो. दिवस गेले तरी शिवी नाही, निरोप नाही. आणि एका पहाटे धुक्यातून नदी उतरून त्यांच्यावर चालून गेलो. मुलूख त्यांनी नंतर घेतला. तिकडे आया मुलांना भीती घालतात ती वाघाची नाही, "नदीपलीकडचे गप्प झालेत" अशी घालतात.

ह्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आम्ही गप्प बसलो की ते घाबरतात."

"घाबरतात म्हणून आणखी ओरडतात, बाबा. तुम्ही काहीतरी बोलावं म्हणून. तुमच्यातल्या कुणीतरी त्यांना एक सणसणीत शिवी घातली ना, तर त्यांना झोप लागेल."

"आणि ते आणखी ओरडले की आम्ही आणखी गोण्या रचतो," हे म्हणाले.

मला हे बोलणं पटलं नाही. ओरडणारा घाबरलेला आणि गप्प बसणारा भांडखोर, असं कुठे असतं का? पण ह्यांनी कागद घेतला आणि काहीतरी लिहिलं. म्हणाले, उद्याच्या ओळीत घालतो: धमक्या खऱ्या नाहीत, आपण बोलावं. इतकी वर्षं ती भाषा ऐकली, म्हणाले, पण त्या भाषेतलं भांडण कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवार, ता. १५

हे सगळं लिहावं की नाही. लिहिते.

बुधवारी आम्ही बायका मेजरीणबाईंकडे शिपायांसाठी पायमोजे विणायला बसलो होतो. जी ती आपापलं दुःख सांगत होती. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची रडून आजारी पडली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची तर हसते हो. त्यांचा रेडिओ ऐकून हसते." मेजरीणबाईंनी सुया खाली ठेवल्या. "हसते?" मी म्हटलं, "हो ना. आणि ह्यांनाही काय काय समजावून सांगते." मला वाटलं, त्या माझी कीव करतील. त्यांनी केलीही. दुसरा चहा दिला.

काल दोन माणसं आली. साधे कपडे, बूट मात्र चकचकीत. सूनबाईला आतल्या खोलीत बसवून विचारपूस केली. तिची बॅग उघडली, त्यात चार कपडे आणि लग्नातला फोटो निघाला. आज ह्यांना रेडिओवरून काढून सामानाच्या गोदामात पाठवलं. साहेब म्हणाले, घरात पलीकडचं माणूस आहे, तुमच्या कानांवर आता भरवसा ठेवता येत नाही. ह्यांच्या जागी शहरातून एक तरुण विद्वान आणलाय. त्याला म्हणे अख्खा शब्दकोश तोंडपाठ आहे. त्यानं पहिल्याच दिवशी ओळ लिहिली: शत्रू शब्दशः रक्तपाताची घोषणा करत आहे.

मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. यात चुगली कसली?

हे जेवले नाहीत.

शनिवार, ता. १६

छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर झाकलेल्या गाड्या. एकीच्याही दिव्याला उजेड नाही. दुकानदारानं मीठ देताना पिशवी उलटी धरली, लक्ष सगळं रस्त्याकडे. देवाचं नाव घेते आहे.

रविवार, ता. १७

एका गोष्टीचं मात्र समाधान. सूनबाई सुधारली. ती माणसं येऊन गेल्यापासून तिचा आवाज म्हणून चढलेला नाही. "आई, आपण बसा, मी करते." "आई, आपल्याला चहा आणू का?" पूड दुसऱ्यांदा उकळली तर म्हणाली, "छान झालाय, आपल्या हाताला चव आहे." इतकी वर्षं मला तुम्ही म्हणायची, तेही घाईत. आता प्रत्येक वाक्यात आपण. वेळेवर उठते, वाकून नमस्कार करते. थोडा धाक बसला की माणसाला वळण लागतं ते असं.

ह्यांना मी म्हटलं, बघा, किती गुणी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मुलाचा फोन आला नाही. मेजरीणबाई म्हणाल्या, पुलावरून आता कुणाला फोन करू देत नाहीत. 

मंगळवार, ता. १९

देव पावला. माझा जप वाया गेला नाही.

सकाळी रेडिओ लावला तर पलीकडचा तो ओरडणारा गायबच. दुसराच कुणीतरी, आवाज मधासारखा. मला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. दुपारी आपल्या स्टेशननं अर्थ सांगितला. नदीपलीकडच्या आदरणीय बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार. आपणा सर्वांच्या आरोग्याची आम्ही कामना करतो. बोटीचं नावही नाही. मग बासरी. शब्दकोशवाल्या विद्वानानं ओळ लिहिली म्हणे: तणाव निवळला.

गल्लीत दिवे लागले. मेजरीणबाई स्वतः घरी आल्या, माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "नमले हो. आपण तोंड मिटून बसलो त्याचं फळ." पुलावरच्या मुलांना आजपासून गोण्यांमागे न झोपता चौकीतल्या खाटांवर झोपायची परवानगी मिळाली आहे. दिवा लावून. फोनही पुन्हा सुरू झाले.

मी तांदूळ निवडता निवडता रडले.

सूनबाईला हाक मारली तर ती रेडिओसमोर उभी. कपाळावर घाम. म्हटलं, काय गं, आनंदाची बातमी ना? ती आत गेली आणि जिन्याखालच्या अडगळीतलं सामान बाहेर काढू लागली. जुने डबे, मोडकी खुर्ची, सगळं. तिथे गाद्या पसरल्या. हिचं डोकं फिरलं की काय?

बुधवार, ता. २०

अक्षर वाचता आलं तर बघावं.

सकाळी मी देवापुढे बसले होते. सूनबाई आली आणि माझ्या डोक्यावर उभी राहून ओरडली. इतकं की चहाच्या पुडीवरून ओरडली होती ते कुजबुजणं वाटावं. "उठा. देव कुठे पळून जात नाही. तुमच्या मुलाला तिथून आणा. आज. आत्ता."

मी म्हटलं, "अगं, ते गोड बोलताहेत."

"गोड बोलताहेत म्हणूनच. आमच्याकडे कुणी आदरानं बोलायला लागलं की बायका मुलांना घरात घेतात आणि दाराला कडी घालतात. माझे वडील आयुष्यभर शेजाऱ्यावर ओरडले. एकदाच त्याला 'या, बसा, आपली तब्येत कशी आहे' म्हणाले. त्या रात्री त्याची झोपडी जळाली. ओरडतो तो अजून तुमच्याशी बोलत असतो, आई. हे बोलायचं संपल्यावरचं बोलणं आहे."

मी उठून उभी राहिले. मग एकदम पायाखालची फरशी गार लागली.

"म्हणजे तू हे इतके दिवस मला..."

"हो," ती म्हणाली.

"आपण बसा, आपण चहा घ्या..."

"हो. त्या माणसांना तुम्ही बोलावलंत. मला वाटलं, तुमचं माझ्याशी बोलणंच संपलंय. पूड उकळली त्या दिवसापासून कितीतरी दिवस एक शब्द नाही. मी रोज बॅग भरून झोपायची, उद्या तुम्ही हाकलणार म्हणून."

"मी हाकलणार? मी तर नुसती गप्प होते."

"तेच तर."

ती रडायला लागली आणि रडता रडता मला शिव्या घालू लागली, कंजूष, दगड, तोंडात कुलूप घातलेली बाई. मला त्या शिव्या ऐकवेनात आणि थांबूही नयेत असं वाटत होतं.

आम्ही दोघी मेजरांकडे गेलो. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. "वहिनी, तुमच्या सुनेचा सल्ला घेऊन सैन्य चालत नाही. त्यांनी हात जोडले, आपण जिंकलो. घरी जाऊन आराम करा." ते छावणीत जायच्या तयारीला आत गेले. मेजरीणबाई चहा ठेवायला वळल्या. फोन समोर होता.

माझ्याच्यानं कसं झालं कोण जाणे. चौकी जोडून मागितली. मुलाचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा, मजेत. मी म्हटलं, "तुझ्या वडिलांच्या छातीत दुखतंय. डॉक्टर म्हणतात मुलाला बोलवा. एक दिवसाची रजा घे आणि ये." नवऱ्याच्या जिवावरचं खोटं. देवाच्या पायाशी बसून उठलेल्या तोंडानं.

मेजरीणबाई कप घेऊन आल्या त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं. "अग बाई, कधीपासून?" मी म्हटलं, सकाळपासून. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, याचीच जास्त भीती वाटली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं संतापतील. ते गोदामात जायला निघाले होते. सदऱ्याची लावलेली बटणं पुन्हा सोडवत म्हणाले, "मग मला आडवं पडायला हवं. पांघरूण कुठलं देतेस, चांगलं की रोजचं?"

गुरुवार, ता. २१

मुलगा दुपारी आला. रजा उद्या सकाळपर्यंतची. पळतच जिना चढला असावा, कारण दारात त्याला बोलता येत नव्हतं. वडील उशीला टेकून चहा पीत होते. त्यानं त्यांची नाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. पांघरूण पायाकडून नीट केलं आणि खुर्चीत बसला.

मी सगळं सांगितलं. सूनबाईनं तिचं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचं तोंड मिटत चाललं होतं, अगदी माझ्यासारखं. शेवटी म्हणाला, "खोटं सांगून चौकी सोडल्याची शिक्षा काय असते माहीत आहे?"

"तुझ्या जागी कुणी नाही का?" ह्यांनी विचारलं.

"आहे. लांब्या. त्याची आज सुट्टी होती. म्हणाला, जा तू, वडील आधी, मी उभा राहतो."

लांब्या म्हणजे तो उंच मुलगा, एकदा आमच्याकडे जेवायला आला होता. दारातून वाकून आत आला आणि जाताना कपाळ आपटून घेतलं. त्याच्या आईनं माझ्याकडे निरोप पाठवला होता, एवढं खायला घातलंत, आता तुमच्याच घरी ठेवून घ्या.

त्याला आई आहे हे मी फोन उचलताना विसरले होते.

"त्याला सांग बाहेर झोपायला," सूनबाई म्हणाली. "गोण्यांमागे. काहीही कारण सांग."

मुलगा उठला आणि मेजरांकडे गेला. परत आला तो हात हलवत. पुलाची लाइन तुटली आहे, सकाळपर्यंत दुरुस्त करतील, म्हणाले. मेजर हसले म्हणे, वारा होता काल, तार पडली असेल.

वारा नव्हता. कपडे दोरीवर सरळ वाळले होते.

आता दिवेलागणी झाली आहे. मुलगा बूट घालून खिडकीत बसला आहे, आत्ताच परत जातो म्हणतो. सूनबाईनं त्याच्या बाहीला हात घातला आहे आणि ती त्याच्यावर ओरडते आहे. तो एक शब्द बोलत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा मुलावर ओरडले, "बोल ना तिच्याशी, काहीतरी बोल." तो दचकला. म्हणाला, "काय बोलू?" मी म्हटलं, "शिवी दे. पण बोल." मग तो बोलला. भांडताहेत दोघं. हे डोळे मिटून ऐकताहेत.

रेडिओवर तो गोड माणूस पुन्हा आला होता. आपणा सर्वांना शांत झोप लाभो, असं म्हणाला. बासरीही लावली नाही. एरवी त्यांचं स्टेशन उशिरापर्यंत चालतं. आज एवढं बोलून बंद झालं, आणि आता तिथे नुसती खरखर आहे.

मी देवापुढे बसले. हात जोडले, आणि काय मागावं ते सुचेना. माझा मुलगा वाचव म्हणून मागितलं असतं, पण तो घरात आहे. त्याच्या खाटेवर आज दुसऱ्या आईचा मुलगा निजला आहे. काहीच झालं नाही तर मी नवऱ्याच्या दुखण्याचं खोटं सांगणारी, मुलाला तुरुंगात घालणारी, आणि गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. सूनबाईला तर ती माणसं घेऊनच जातील.

मग सुचलं ते मोठ्यानं म्हटलं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

देवा, मला खोटी पाड.